झाडावरची कामं : आम्हाला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मार्च सरला की आमचा फोन तापायला लागतो, आणि पहिला वळीव येऊन गेला की रात्रीही वाजतो. पुण्यात झाडांच्या छाटणीची आणि धोकादायक झाडं उतरवण्याची कामं करताना तेच तेच प्रश्न येत राहतात. विचारणारे कधी सोसायटीचे सेक्रेटरी असतात, कधी बंगल्यातले आजोबा, कधी हे काम शिकू बघणारी पोरं. दर वेळी व्हॉट्सॲपवर नव्यानं टाइप करण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. साधे प्रश्न आधी आहेत, अडनिडे शेवटी.

१. ट्री सर्जन म्हणजे वेगळं काय? आमचे माळीकाका छाटतातच की फांद्या.

छाटतात, आणि हात पोचेल तिथवर चांगलं छाटतात. मेंदी, जास्वंद, कडीपत्ता, कंपाउंडवर आलेली बोगनवेल यासाठी आम्हाला बोलावू नका, उगाच पैसे जातील. पाय जमिनीवरून सुटले की मात्र काम बदलतं. दोरावर लटकून तोल सांभाळायचा, कापलेली फांदी खालच्या पत्र्यावर न आपटता उतरवायची, आणि मागे उरलेलं झाड जगेल असा काप द्यायचा. यातलं एकच जमत असेल तर बाकीच्या दोन्हींचा भुर्दंड कुणाला तरी पडतो.

'सर्जन' हा शब्द जरा भारदस्त आहे. जुन्या काळी ढोली खरवडून तिच्यात सिमेंट भरायची शस्त्रक्रिया खरोखर चालायची. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. कडेला फट पडते, आत ओल धरून राहते. ती पद्धत आता मोडीत निघाली, शब्द तेवढा मागे राहिला. ढोली भरून द्याल का, असं अजूनही विचारतात. नाही देत.

२. झाड आमच्याच आवारात आहे, आमच्याच वडिलांनी लावलंय. तरी परवानगी लागते?

लागते. शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येतच कापणं, जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं येतं. म्हणजे बुंध्यात ॲसिड ओतलं, सालीची गोल पट्टी काढली, मुळाशी मीठ टाकलं, तरी ते तोडणंच. 'आपोआप वाळलं हो' असं सांगणाऱ्यांच्या झाडाखाली मला ड्रिलचं भोक दिसलेलं आहे.

अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे करायचा. त्यांचा माणूस येऊन पाहणी करतो. अर्जासोबत झाडाचे चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि 'का' याचं एका वाक्यातलं उत्तर जोडा. 'पानगळ होते, कचरा होतो' हे कारण नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरलं जातं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात. पुण्याचे जुने वड आणि पर्जन्यवृक्ष बघता हा आकडा हलका नाही. कुठल्या हद्दीतला अर्ज कुणाकडे जातो, त्या भानगडी प्रश्न १५ मध्ये आहेत.

३. छाटणी कोणत्या महिन्यात करावी?

डिसेंबर ते फेब्रुवारी, नवी पालवी फुटायच्या आधी. हवा कोरडी असते, काप लवकर सुकतो, बुरशीला पावसासारखं रान मोकळं मिळत नाही. आंबा फळं उतरल्यावर. वाळलेली, मोडून लोंबणारी फांदी मात्र कधीही काढावी, तिला मुहूर्त नाही.

सगळे फोन येतात मे महिन्यात. तेव्हा आम्ही धोक्याचं तेवढंच करतो आणि बाकीचं थंडीत करू म्हणतो. थंडीत कुणी फोन करत नाही.

४. 'शेंडा मारून टाका, म्हणजे पाच वर्षं बघायला नको.' कराल का?

नाही. या एका वाक्यावर आम्ही जितकी कामं सोडली तितकी पैशांवरून सोडलेली नाहीत.

झाडाचा माथा सपाट कापला की त्याची अन्न करणारी पानं एका दिवसात जातात. ते घाबरून, असंच म्हणतो आम्ही, कापाच्या कडेनं धुमाऱ्यांचा झुपका काढतं. दोन-तीन पावसाळ्यांत झाड पुन्हा तितकंच उंच दिसतं. पण आता प्रत्येक धुमारा फक्त वरच्या सालीजवळ चिकटलेला असतो, खोडात खोल रुजलेला नसतो, आणि त्याच्या बुडाशी जुना काप कुजत असतो. गुलमोहराचं लाकूड आधीच ठिसूळ. असा शेंडा मारलेला गुलमोहर चौथ्या-पाचव्या वर्षी वळवात गाडीवर येतो, आणि मग 'झाडंच वाईट' म्हणून ते तोडायचा अर्ज जातो.

उंची खरंच कमी करायची असेल तर लांब फांदी तिच्याच एखाद्या जाडजूड उपफांदीपाशी आणून थांबवतात. एका खेपेला हिरव्या पसाऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त काढू नये, म्हाताऱ्या झाडाचं त्याहूनही कमी. काम झाल्यावर लांबून बघणाऱ्याला 'काहीच केलं नाही' असं वाटलं, तर छाटणी बरी झाली.

५. फांदी कापायची बरोबर पद्धत कोणती? घरी करता येईल का?

मनगटाएवढ्या फांदीपर्यंत, जमिनीवर उभं राहून, हातकरवतीनं करता येईल. शिडीवर चढून नाही. काप तीन द्यायचे असतात. पहिला खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूनं, जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा. दुसरा त्याच्या बोटभर पुढे, वरून. इथे फांदी तुटून पडते आणि साल खालच्या कापाशी थांबते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा.

हा तिसरा कुठे द्यायचा, त्यातच सगळं आहे. फांदी खोडाला मिळते तिथे एक सुजल्यासारखा फुगवटा दिसतो, आणि वरच्या बेचक्यात सालीची काळपट सुरकुती. फुगवट्याच्या किंचित बाहेर कापायचं. खोडाला घासून सपाट नाही, आणि शर्ट अडकवायला खुंटी राहील इतकं लांबही नाही. अमेरिकेतले वनरोगतज्ज्ञ अलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. ती भिंत घालायची सोय त्या फुगवट्यात असते. तो कापला की सोय गेली.

मी हे चुकून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत प्रभात रोडच्या एका गल्लीत पर्जन्यवृक्षाच्या फांदीला खालचा काप न देता घाईनं वरून करवत चालवली. फांदी मध्येच मोडली आणि जाताना खोडाची साल सोलत गेली, शर्टाचा खिसा फाटावा तशी, चांगली चार फूट. झाड जगलंय. गाडीवरून तिथून जाताना मान त्या बाजूला वळतेच.

६. कापलेल्या जागी गेरू, डांबर, शेण किंवा ऑइलपेंट लावायचा का?

काही लावू नका. थराखाली ओल कोंडते आणि कुजणं वाढतं. सुबक काप उघडाच ठेवायचा. रस्त्याकडेच्या झाडांच्या बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे असतात तो भाग वेगळा, त्याचा जखमेशी संबंध नाही.

७. तुमचा दर इतका का? कोयतेवाला निम्म्यात करून देतो.

चढणारा एक दिसतो, पण माणसं किमान तीन-चार असतात. एक वर, एक त्याच्या दोरावर लक्ष ठेवणारा, एक फांद्या ओढणारा, आणि रस्ता असेल तर लोकांना थांबवणारा. शिवाय दोर, हार्नेस, कप्प्या आणि हेल्मेटला वय असतं. दिसायला धड असलेला दोरही आम्ही फेकतो. टेम्पोभर फांद्या नेऊन टाकायच्या असतात. आणि माणसांचा अपघात विमा असतो.

निम्म्यात करणाऱ्याला एकच विचारा, तुमचा माणूस पडला तर कोण बघणार? 'काही होत नाही साहेब' हे उत्तर आलं, तर तो खर्च तुमच्या सोसायटीच्या दारात उभा आहे असं समजा.

८. मुळशीत फार्महाऊस आहे. चेनसॉ (मशिनवर फिरणाऱ्या साखळीची करवत) कोणता घ्यावा?

पडलेली लाकडं कापायला १४ ते १६ इंची बारचा (बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी), मागे मूठ असलेला, करवत उसळली की चेन थांबवणाऱ्या चेन-ब्रेकवाला. मोठा बार घेऊन मर्दुमकी वाढत नाही, फक्त टोक कुठे लागतंय ते दिसेनासं होतं. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश कशालाही टेकला की करवत उसळून तोंडावर येते, डोळ्याची पापणी लवायच्या आत. म्हणून खांद्यावर उचलून कापायचं नाही, एका हातानं चालवायचं नाही, डावा अंगठा मुठीखालून घट्ट.

वरच्या बाजूला मूठ असलेला छोटा चेनसॉ दुकानात हलका वाटतो, किंमतही बरी असते. तो घेऊ नका. तो झाडावर दोरात बसलेल्या, शिकलेल्या माणसासाठी असतो. जमिनीवर तोच जास्त धोक्याचा, कारण एका हातानं चालवायचा मोह होतो.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल बहुतेक नव्या मशिनांना ५० ला १. मिश्रण महिनोन् महिने डब्यात ठेवू नका. पावसाळ्यानंतर 'सुरूच होत नाही' म्हणून येणाऱ्या मशिनांत बहुधा शिळं पेट्रोलच निघतं. भुसा पिठासारखा बारीक पडायला लागला की चेन बोथट झाली, धारदार चेन चुरचुरीत पापुद्रे काढते. कानस चेनच्या मापाची हवी. छोट्या लो-प्रोफाइल चेनला ४ मिलिमीटरची, .३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या) चेनला ४.८ ची.

९. ती जाड पँट खरंच लागते का? पुण्याच्या उन्हात?

लागते, आणि हो, शिजायला होतं. जीन्स चेनला क्षणभरही थोपवत नाही. चेनसॉ पँटच्या आत लांब तंतूंचे थर असतात. चेन लागली की ते तंतू ओढले जाऊन मशिनच्या चक्रात गुंततात आणि चेन जाम होते. जमिनीवरच्या कामाला पुढच्या बाजूनं संरक्षण पुरतं, झाडावर चढणाऱ्याला चहूबाजूंनी हवं, कारण वर पाय कसाही वळलेला असतो.

यात एक मेख आहे. ताकदवान बॅटरीच्या करवतीला तंतू थांबवतीलच असं नाही, तिची ओढ वेगळी असते. 'आवाज नाही म्हणजे धोका नाही' असं समजून बॅटरीवाल्या मशिनवर लोक चपला घालून काम करतात.

१०. बांधकामावरचा हार्नेस आणि पिवळा नायलॉन दोर चालेल ना?

नाही. बांधकामाचा हार्नेस पडणाऱ्याला झेलण्यासाठी असतो, दोर पाठीत अडकतो. झाडावर माणूस तासन् तास हार्नेसमध्ये बसून काम करतो, त्यामुळे जोड पुढे, कमरेशी लागतो. पाठीत लटकलेला माणूस फांदीकडे वळूच शकत नाही.

तो पिवळा दोर बहुतेक वेळा नायलॉनचा नसतोच, पॉलिप्रॉपिलीनचा असतो. घर्षणानं तापला की वितळतो. चढायचा दोर कमी ताणाचा, ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा, प्रमाणित हवा. युरोपीय मानकातल्या 'ए' प्रकारच्या दोराला किमान २२ किलोन्यूटन ताण सोसावा लागतो, ढोबळ मानानं दोन टनांहून जास्त. गाठ मारली की त्यातली बरीच ताकद जाते, म्हणून इतका ऐवज राखून ठेवायचा. दोर फांदीवरून थेट ओढत नाहीत, मध्ये कडीवाला पट्टा टाकतात, नाहीतर दोरही झिजतो आणि सालही. करवत चालू करायच्या आधी चढणारा दुसऱ्या, आत तार असलेल्या पट्ट्यानंही बांधलेला हवा.

ओंडके उतरवायचा दोर वेगळा ठेवा, माणसाचा त्या कामाला कधीच वापरायचा नाही. पन्नास किलोचा ओंडका मीटरभर सुटून दोरावर आला की त्याच्या वजनाच्या कितीतरी पट झटका बसतो. तो झटका दोराच्या पोटात राहतो, बाहेरून दिसत नाही.

११. बुटाला काटे लावून चढता का?

फक्त जे झाड पूर्ण काढायचंय त्यावर. जगणाऱ्या झाडावर प्रत्येक पावलाला एक भोक पडतं. नारळावर तर अजिबात नाही. नारळाला सालीखालचा वाढणारा थरच नसतो, त्यामुळे पडलेली खोक जन्मभर तशीच राहते. जाता जाता, नारळाचा शेंडा म्हणजे त्याचा एकुलता एक कोंब. 'नारळ थोडा बुटका करून द्या' अशी मागणीही आलेली आहे.

१२. मला हे काम शिकायचंय. कुठे शिकू? परवाना लागतो का?

आपल्याकडे झाडावर चढून करवत चालवायला कायद्यानं बंधनकारक असा परवाना नाही. म्हणूनच कुणीही उठून हे काम करतं. बाहेर काय चालतं ते बघा. ब्रिटनमध्ये आधी करवतीची देखभाल आणि पडलेलं लाकूड कापणं शिकवतात, मग लहान झाड पाडणं, मग चढणं, आणि त्याच्या बरोबरीनं वर अडकलेल्याला खाली आणणं. दोरावर लटकून चेनसॉ चालवणं या सगळ्याच्या नंतर येतं. तिथे चढायचं सामान दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावं लागतं. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरीकल्चर या संस्थेची प्रमाणित आर्बोरिस्टची, म्हणजे झाडांची निगा राखणाऱ्या जाणकाराची, परीक्षा भारतातूनही देता येते. त्यासाठी साधारण तीन वर्षांचा कामाचा अनुभव किंवा त्याला जोडून शिक्षण लागतं, आणि ते प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नवं करावं लागतं.

आमच्याकडे येणाऱ्या पोराला पहिले काही महिने चढूच देत नाही. गाठी मारायच्या, डोळे मिटूनही. चेनला कानस करायची. फांद्या ओढायच्या. गडकिल्ल्यांवर रॅपलिंग केलेली पोरं दोराला लवकर सरावतात, पण त्यांची एक खोड मोडावी लागते. डोंगर कापला जात नाही, इथे ज्यावर तुम्ही लटकता तेच तुम्ही कापत असता.

१३. वर माणूस बेशुद्ध पडला तर?

अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचाच, पण त्यांची शिडी येईपर्यंत थांबायचं नाही. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि मिनिटांत प्रकृती गंभीर होऊ शकते. म्हणून खाली नेहमी दुसरा चढणारा तयार हवा, हार्नेस घालून, आणि झाडावर त्याच्यासाठी एक दोर आधीच टाकलेला. कंत्राटदाराला काम द्यायच्या आधी 'तुमच्यातला दुसरा चढणारा कोण?' हे विचाराच.

१४. फांदी विजेच्या तारेला लागतेय. लांब बांबूनं बाजूला करू का?

हात लावू नका, बांबूही नाही. ओली फांदी वीज वाहून नेते, ॲल्युमिनियमची शिडी तर विचारूच नका. महावितरणला १९१२ वर कळवा. लाइन त्यांनी बंद केल्यावर आणि ती बंद असल्याचं त्यांच्याच माणसानं जागेवर येऊन सांगितल्यावर आम्ही चढतो. 'आत्ता लाइट गेलीये, पटकन उरका' यावर कधीही नाही. एखाद्या बंगल्यातला इन्व्हर्टर किंवा जनरेटर उलटा करंट सोडू शकतो. केबलवाल्यांच्या काळ्या वायरींचे झुपके फांदीला बांधलेले असतात, त्यात एखादी सर्व्हिस वायर, म्हणजे खांबावरून घरात येणारी विजेची वायर, मिसळलेली असू शकते.

१५. आम्ही कॅन्टोन्मेंटमध्ये राहतो. गावाकडच्या जमिनीवरही झाडं आहेत. अर्ज कुठे?

पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये महापालिकेकडे नाही, तिथल्या बोर्डाकडे. पिंपरी-चिंचवडची महापालिका वेगळी. २०१७ आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत बरीच गावं आली, तिथले काही जण अजून ग्रामपंचायतीच्या जुन्या सवयीनं चालतात. शहराबाहेरच्या जमिनीला १९६४ चा झाडतोडीचा कायदा लागतो. त्याच्या यादीत साग, चंदन, आंबा, जांभूळ, हिरडा अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या बांधावर असली तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत.

१६. घरटं किंवा मोहोळ असेल तर काम थांबवता?

हो. वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे शिकारीत मोडतं. पुण्यात पोपटांची ढोलीतली वीण हिवाळ्याच्या शेवटी, कावळ्यांची उन्हाळ्यात, बगळ्यांच्या वसाहती पावसाळ्यात. म्हणजे प्रश्न ३ मधल्या महिन्यांतही आधी ढोल्या बघाव्या लागतात. मार्च ते जूनमध्ये एखाद्या ढोलीचं तोंड चिखलानं लिंपून फक्त उभी फट ठेवलेली दिसली, तर आत राखी धनेशाची मादी बसलेली असते. नर तिला त्या फटीतून उंबराची फळं भरवतो. त्या झाडाला आम्ही दोर लावत नाही.

आग्यामोहोळ असेल तर धूर करून जाळणाऱ्याला बोलावू नका. शिकलेले मध काढणारे रात्री शिस्तीत काम करतात. मधमाशांची केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था आपल्याच गणेशखिंड रस्त्यावर आहे.

१७. शेजाऱ्यांची फांदी आमच्या गच्चीवर येते. आमच्या हद्दीपुरती कापली तर?

हद्दीची रेषा फांदीला कळत नाही, कायद्यालाही परवानगीपुरती कळत नाही. प्रश्न २ इथेही लागू. शिवाय हद्दीवर सरळ कापलं की लांब खुंट उरतो आणि तो कुजतो. शेजाऱ्यांना घेऊन एकत्र अर्ज करा. बोलणं बंद असेल तर चेअरमनला मध्ये घाला. आम्ही मध्ये पडत नाही, एकदा पडलो होतो.

१८. मंडपाच्या उंचीसाठी फांद्या काढायच्यात, गणपती आठ दिवसांवर आलेत.

आठ दिवसांत पाहणी आणि परवानगी होईलच याचा भरवसा धरू नका. मंडप फूटभर खाली घ्या. आणि लायटिंगसाठी खिळे ठोकू नका. एका जुन्या वाड्याच्या आवारातला वाळलेला अशोक उतरवताना माझ्या करवतीतून अचानक ठिणग्या उडाल्या. चेन काढून पाहिली तर आठ-दहा दात सपाट. खोडाच्या आत, दोन इंच लाकडाखाली, कपडे वाळत घालायच्या तारेचा हुक होता. झाडानं तो कधीच गिळला होता, वाड्यातल्या कुणाला आठवतही नव्हता.

१९. झाड आतून पोकळ आहे हे कसं कळतं? पोकळ म्हणजे पडणारच का?

नाही. पोकळ नळीही मजबूत असते, भिंत किती जाड उरलीय त्यावर ठरतं. आम्ही लाकडी हातोड्यानं बुंधा गोल फिरून ठोकतो, ठण्ण वाजलं तर बरं, ढब्ब वाजलं तर पुढची तपासणी. त्याहून गंभीर खुणा जमिनीलगत असतात. बुंध्याशी छत्रीसारखी कडक बुरशी, एका बाजूला उचललेली माती, नव्यानं वाढलेला कल. आणि फुटपाथ करताना तोडलेली मुळं. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकलेली झाडं आम्हाला जास्त सतावतात. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आपल्या सोसायट्यांनी निदान तेवढी ठेवायला हरकत नाही.

२०. झाड अख्खं काढायचंय. एकदम पाडत का नाही, तुकडे कशाला?

पाडायला झाडाच्या उंचीच्या दुप्पट मोकळं अंतर लागतं. कोथरूडमध्ये ते कुठून आणायचं? जागा असेल तर पडायच्या बाजूला पाचराच्या आकाराची खाच, मग मागून काप. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढं लाकूड बिजागरीसारखं राखायचं. ती बिजागरी झाडाला दिशा देते. ती कापली गेली की झाड मोकाट. मागच्या कापापासून तिरकं पळायला वाट आधीच मोकळी करून ठेवायची. जागा नसेल तर वरून खाली, तुकड्या-तुकड्यानं, दोरावर.

२१. काम चालू असताना चहा कधी द्यायचा?

चढणारा खाली उतरून हेल्मेट काढेल तेव्हा. तो वर असताना बाल्कनीतून 'चहा झालाय हो' अशी हाक मारू नका, तो वळून बघतो. बिनसाखरेचा एक वेगळा ठेवा.